आयर्लंडच्या जमीनलढ्यात कुळांनीच कुळं मारली, त्याचं काय?

जुनापाना (धागाकर्ता): आयर्लंडमधल्या बेदखल कुळांबद्दल आपण हळहळतो, योग्यच आहे. पण केरी काउंटीतल्या जॉन कर्टिनचं नाव कुणी घेत नाही. नोव्हेंबर १८८५ मध्ये रात्री एक टोळी त्याच्या घरी बंदुका मागायला आली. झटापटीत टोळीतला एक जण मेला आणि कर्टिनही. हा कुणी जमीनदार नव्हे, कूळच. शिवाय कुळांच्या संघटनेतला. मुलींनी कोर्टात साक्ष दिली, तर गावाने घर वाळीत टाकलं. चर्चमधलं त्यांचं बाकही फोडलं. याला लढा म्हणायचं?

खडूस_काका: साफ असहमत. टोळी म्हणजे संघटना नव्हे. सप्टेंबर १८८० मध्ये एनिसच्या सभेत कुळांच्या संघटनेचा नेता पार्नेल याने विचारलं, बेदखल कुळाची जमीन दुसऱ्याने घेतली तर त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, वाळीत टाका. लगेच मेयो काउंटीत जमीनदार लॉर्ड अर्नच्या कारभाऱ्यावर, कॅप्टन बॉयकॉटवर, तेच झालं. पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणि त्यांना राखायला हजारेक सैनिक! गोळी न झाडता.

जुनापाना: बॉयकॉटसाठी सैन्य आलं हो. चार एकरवाल्याला दुकानदाराने मीठ नाकारलं तर त्याने कुठे जायचं? आणि वाळीत टाकणं चालायचं कशाच्या जोरावर? ‘कॅप्टन मूनलाइट’ या रात्रीच्या टोळ्यांच्या टोपणनावाने येणाऱ्या धमकीच्या चिठ्ठ्या आणि रात्री जखमी केलेली गुरं, ही पण त्याच गावातली.

रानवारा: दोघंही मूळ हिशोब सोडताय. रिकामी झालेली जमीन घ्यायला नवं कूळ मिळालं, तरच बेदखली जमीनदाराला परवडते. म्हणून राग त्या कुळावर. १८६१ मध्ये डेरीव्हे भागात जमीनदार अडेरने २४४ माणसं घराबाहेर काढली, ती सगळी कायद्याने. अशा कायद्याच्या कोर्टात साक्ष देणारा गावाला आपला कसा वाटेल?

खडूस_काका: +१. त्यात १८८२ चं मामट्रास्ना गावचं हत्याकांड! जॉइस कुटुंबातले पाच जण मारले गेले. आयरिशच बोलणाऱ्या माइल्स जॉइसवर खटला इंग्रजीत चालवून त्याला फासावर दिलं. १८८४ मध्ये माफीच्या साक्षीदाराने खोटं बोलल्याचं कबूल केलं. माइल्सला आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती २०१८ मध्ये. त्या कबुलीच्या पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, कर्टिन प्रकरण. साक्षीदार या शब्दाचीच चीड होती.

जुनापाना: त्या साक्षीदाराने स्वतःची मान सोडवायला खोटं सांगितलं. कर्टिनच्या मुलींनी बापाच्या खुनाबद्दल सांगितलं. गावाला हा फरक कळत नव्हता, असं मला नाही वाटत.