घरमालकिणीच्या तोंडी 'पूर्वग्रह' येईल का?

प्रश्न : नागपूरच्या इंदोरा या बौद्ध वस्तीतला एक तरुण तिथल्याच महाल भागात भाड्याने खोली शोधतो, असं प्रकरण लिहिते आहे. काळ १९७० च्या आसपासचा. घरमालकिणीच्या मनातलं दाखवायला 'पूर्वग्रह' फार पुस्तकी वाटतो. आकस, तेढ, दुजाभाव, अढी यांतलं काय चालेल?

उत्तर : आकस नको. आकसाला ओळख लागते, बांधावरून झालेलं भांडण किंवा अडवलेली बढती लागते. तुमची बाई तर त्या मुलाला आज पहिल्यांदा पाहते आहे. तेढीला दोन बाजू लागतात, आणि दुजाभाव वागण्यात दिसतो. उरली अढी. निवेदनात ती छान बसेल, पण बाईंच्या तोंडी तीही घालू नका. स्वतःच्या लेखी त्या फक्त जपून राहतात.

त्यांची अढी 'असून'मध्ये शोधा. 'त्यांच्यातला असून किती नीटनेटका आहे!' हे त्या खरोखर कौतुकाने म्हणतील. एका 'असून'ने अख्खी वस्ती गबाळी ठरली, हे त्यांच्या ध्यानातही येणार नाही. तसंच 'वाले'. कामठीच्या बाबू हरदासांनी रुजवलेलं 'जयभीम' हे अभिवादन. त्याला शेजाऱ्याने 'वाले' जोडलं की तो शिक्का होतो. हे शब्द बारीक असतात, म्हणून खरे वाटतात. शिवीगाळ करणारं पात्र लिहायला सोपं आणि वाचकालाही सोयीचं, कारण 'आपण काही असे नाही' म्हणून तो मोकळा होतो.

प्रसंग असा करून पाहा. बाई आधी आडनाव विचारतात. त्यावरून नीट कळलं नाही, म्हणून मूळ गाव. मग 'घरी काय काय खाता?' आणि मग, 'खोली देऊनच राह्यलो होतो जी, पण पुतण्या येऊन राह्यला ना शिकायला.' वर आग्रह : 'चहा घेतल्याबिगर जायचं नाही.' चहा मनापासूनचा आहे, हे विसरू नका. मुलाला पुतण्याची गोष्ट नवी नाही, त्यामुळे त्याला धक्का बसू देऊ नका. कप कुठल्या फळीवरून काढला, एवढं त्याने पाहिलं तरी पुरे.

प्रश्न : पण मग मुलाच्या मनातही तेवढीच अढी दाखवली नाही, तर लेखन एकतर्फी होणार नाही का?

उत्तर : त्याच्या मनात राग, संशय, उपहास सगळं असू द्या, तो संत नसावाच. पण 'तेवढीच' म्हणू नका. खोलीची किल्ली बाईंच्या हातात आहे. त्याने त्यांना मनात काहीही म्हटलं तरी त्यांचं छप्पर जात नाही.

बरोबरीचं लिहायचंच असेल तर दुसरा विषय घ्या. 'करून राह्यला' ऐकून हसणारा पुणेकर आणि 'तिकडच्यां'वर खार खाणारा नागपूरकर. आधी मध्यप्रांताची, मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं आणि राजधानीपण गेलं. विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारातल्या आश्वासनांचा हिशेब लोक अजून मागतात. तिथे टोमणे दोन्हीकडून येऊ द्या, कुणाचं फारसं बिघडत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांच्या घरातला मुलगा खोली मागायला येतो ती गोष्ट वेगळी आहे. त्याच्या वडिलांनी त्या दिवशी काय मागे टाकलं, हे त्याला ठाऊक आहे. बाईंच्या दारात उभं राहताना त्याची मान कशी असेल, ते आधी ठरवा. संवाद त्यानंतर लिहा.