लिंकन हायवे: तुमचा तुकडा कोणता? अनुभव लिहा

न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंकन पार्कपर्यंत ३,३८९ मैल. मोटारींसाठी अख्खी अमेरिका ओलांडणाऱ्या सुरुवातीच्या रस्त्यांपैकी हा एक, १९१३ साली आखलेला. कल्पना उद्योजक कार्ल फिशर यांची. त्यासाठी निघालेल्या लिंकन हायवे संघटनेचे अध्यक्ष पॅकार्ड मोटार कंपनीचे हेन्री जॉय. हेन्री फोर्डने मात्र वर्गणी द्यायला नकार दिला. रस्ते सरकारनेच बांधावेत असं त्याचं म्हणणं. पुढे रस्त्यांना नंबर आले, नाव मागे पडलं, आणि आय-८० हा नवा इंटरस्टेट महामार्ग झाल्यावर गाड्याही तिकडे वळल्या. पण जुना रस्ता मोडला नाही. तो तुकड्यातुकड्यांनी आहे आणि आपल्यातले कितीतरी जण त्याच्या काठाने राहतात. पूर्ण प्रवास केलेला असायलाच हवा असं नाही. जो तुकडा चालवलात, त्याबद्दल लिहा. कुठे थांबलात, काय बघितलंत, ते सविस्तर येऊ द्या.

एडिसन, न्यू जर्सी

सुरुवात मी करते. आम्ही रूट २७ वरून रोज जातो. किराणा, मुलीचा नाच, ट्रेन स्टेशन, सगळं त्याच रस्त्याने. एडिसनमध्ये पाट्यांवर चक्क 'लिंकन हायवे' लिहिलेलं आहे आणि तरी कित्येक वर्षं कुणाच्या डोक्यात आलं नाही की हा तोच. प्रिन्स्टनची नासाऊ स्ट्रीटही त्याचाच भाग. सासूबाई इथे आल्या तेव्हा त्यांना म्हटलं, "आई, हाच रस्ता थेट पॅसिफिकपर्यंत जायचा." त्या म्हणाल्या, "मग निदान प्रिन्स्टनपर्यंत तरी ने मला." हायवे सोडून सिग्नल-सिग्नलवर थांबत गेलो. त्यांना ती फेरी न्यू यॉर्कपेक्षा जास्त आवडली.

आयोवा आणि नेब्रास्का

आम्ही शिकागोहून ओमाहाला यूएस ३० धरून (लिंकन हायवेला इकडे मिळालेला नंबर) गेलो, सोबत बाबा होते. बाबा यवतमाळचे, उभी हयात शेतीत गेलेली. आयोवात पाऊस लागला, शेताच्या कडेला उतरलो तर बूट निघेना. बाबांनी चिखल चिमटीत धरून बघितला. "अरे, ही तर आपलीच काळी माती! पाऊस पडला की बैलगाडी जागेवर."

त्या काळी नेमकं हेच व्हायचं. पाऊस झाला की आयोवातली वाहतूक ठप्प, वाट सुकेपर्यंत मुक्काम. म्हणून संघटनेने एक युक्ती काढली: चिखलाच्या वाटेत मधेच एक मैल काँक्रीट करायचं. लोकांनी गाडी त्या मैलावर घालावी, सुख अनुभवावं आणि पुढचा चिखल लागला की आपल्या भागासाठी पक्क्या रस्त्याची मागणी करावी. असा पहिला मैल १९१४ साली इलिनॉयमधल्या माल्टाजवळ झाला. मला ही गोष्ट फार भावते. भाषण नाही, अर्ज नाही, फक्त एक मैल चांगला रस्ता.

टामा गावात १९१५ चा छोटा पूल आहे. त्याच्या कठड्यात 'लिंकन हायवे' ही अक्षरं काँक्रीटमध्येच ओतलेली आहेत. अक्षरांच्या मधून पलीकडचं गवत दिसतं. धाकट्याने एकेका अक्षरात हात घालून पूर्ण नाव वाचलं. पूल आजही वापरात आहे, गाडी त्यावरूनच न्या.

ओमाहाच्या पश्चिमेला एल्कहॉर्नजवळ विटांचा रस्ता आहे, १९२० सालचा, सुमारे तीन मैल. काचा खाली करा आणि वेग कमी ठेवा. चाकांचा एकसुरी घरघराट सुरू होतो आणि स्टिअरिंगमधून हातात उतरतो. बाबांनी तिथे गाडी थांबवायला लावली आणि थोडं अंतर चालत गेले. आय-८० वर ते झोपले होते. इथे सबंध वेळ जागे.

लिव्हरमोर, कॅलिफोर्निया

सिएरा नेवाडा डोंगरातल्या डॉनर पास या खिंडीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. टाहोला जाताना सगळे आय-८० ने सुसाट जातात. एकदा तरी जुन्या रस्त्याने वर चढा. १९२६ चा कमानीचा पूल आहे, खाली डॉनर लेक. पण खरी बघण्यासारखी जागा आहे ती रेल्वेखालची छोटी भुयारी वाट, १९१४ ची. ती होण्यापूर्वी रूळ ओलांडायचे तर बर्फापासून रक्षणासाठी रेल्वेवर घातलेल्या लाकडी मांडवात शिरावं लागे. गाडी थांबवायची, मांडवाचं दार उघडायचं, आगगाडीचा आवाज येतोय का ते कान देऊन ऐकायचं आणि मग मोटार पलीकडे काढायची. त्या दगडांपाशी उभं राहून हे सांगितलं तेव्हा माझ्या मुलांनी मोबाइल खिशात टाकले. उन्हाळ्याच्या अखेरीस जा, तोवर बर्फ गेलेला असतो.

पिट्सबर्गहून

पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्डला कॉफीच्या किटलीच्या आकाराची इमारत आहे, १८ फूट उंच, १९२७ ची. भरधाव जाणाऱ्या माणसाचं लक्ष वेधायला तेव्हा दुकानालाच असा आकार देत. मोडकळीला आली होती, लोकांनी हलवून दुरुस्त केली. मुलं बरोबर असतील तर चुकवू नका.

सॉल्ट लेक सिटी

नेव्हाडातला यूएस ५०, म्हणजे तिथला लिंकन हायवेचा तुकडा, माझा सर्वांत लाडका. १९८६ साली 'लाइफ' मासिकाने याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटलं. डोंगर चढायचा, खिंडीत पोचलं की पुढची अख्खी दरी आणि तिच्यातून सरळ गेलेला रस्ता दिसतो. दरी ओलांडली की पुन्हा डोंगर. असं दिवसभर. १९१९ साली लष्कराचा ट्रकांचा ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला ६२ दिवसांत पोचला, तो याच बाजूने गेला. त्यात तरुण आयझेनहॉवर होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९५६ च्या इंटरस्टेटच्या कायद्यावर त्यांचीच सही झाली.

जाणार असाल तर एवढं करा: ईली ते यूरेका ७७ मैल, यूरेका ते ऑस्टिन ७०, मधे गाव नाही. प्रत्येक गावात टाकी भरा, डबा आणि पाणी सोबत घ्या, फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. यूरेकात मात्र तासभर काढा, जुनं ऑपेरा हाऊस बघा.