न्यू जर्सीत भाड्याचे घर घेताना शाळेच्या डिस्ट्रिक्टला किती महत्त्व द्यावे?

नवे_बिऱ्हाड यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

येत्या जूनमध्ये आमचे बिऱ्हाड नॉर्थ कॅरोलायनातून मध्य न्यू जर्सीत हलणार आहे. यजमानांचे कार्यालय प्रिन्स्टनजवळ, रूट 1 वर आहे. मुलगी सप्टेंबरमध्ये चौथीत जाईल आणि धाकटा ऑक्टोबरच्या मध्यावर पाच वर्षांचा होईल. आतापर्यंत आम्ही वेक काउंटीत राहिलो. तेथे संपूर्ण काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) एकच स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा विभाग, असल्यामुळे घर शोधताना फक्त शाळा पाहावी लागे, डिस्ट्रिक्टचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. न्यू जर्सीत मात्र दर दोन-चार मैलांवर टाउनशिप (गावाची स्थानिक हद्द) बदलते, तिच्याबरोबर डिस्ट्रिक्ट बदलतो आणि त्याबरोबर भाडेही बदलते, हे पाहून आम्ही गोंधळून गेलो आहोत.

सध्या दोन घरे डोळ्यांसमोर आहेत. पहिले प्लेन्सबरोतील जुन्या अपार्टमेंट संकुलातील दोन बेडरूमचे घर असून ते वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या नावाजलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये येते. दुसरे जवळच्याच एका टाउनशिपमधील तीन बेडरूमचे टाउनहाउस आहे. ते एका खाजगी मालकाचे असून भाडे जवळपास तितकेच आहे, परंतु तेथील शाळेला संकेतस्थळावर दहापैकी सहाच गुण दिसतात. आम्ही येथे दोन-तीन वर्षे राहू, घर विकत घेण्याचा विचार तूर्त नाही आणि सुरुवातीचे काही महिने घरात एकच गाडी असेल.

या गुणांवर कितपत विसंबावे? थोड्या वर्षांसाठी राहणाऱ्या भाडेकरूने डिस्ट्रिक्टपायी जागेची अडचण सोसावी का? शिवाय नात्यातील एका दादांनी सुचवले आहे की, टाउनहाउस घ्यावे आणि शाळेत त्यांचा पत्ता द्यावा. हे मनाला पटत नाही, तरीही जाणकारांचे मत हवे आहे.

---

फळा_आणि_खडू यांचे उत्तर

ताई, मी येथील पब्लिक स्कूलमध्ये (म्हणजे सरकारी शाळेत) प्राथमिक वर्गांना शिकवते, त्यामुळे गुणांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते.

घरांच्या संकेतस्थळांवर शाळेपुढे दिसणारा दहापैकीचा आकडा सहसा ग्रेटस्कूल्स या संस्थेचा असतो आणि त्याचा मुख्य आधार राज्याच्या चाचण्यांचे निकाल हा असतो. आमच्या राज्यात या चाचण्या तिसरीपासून सुरू होतात, म्हणजे आपल्या धाकट्याला ज्या वर्गांत बसायचे आहे त्यांच्याविषयी तो आकडा थेट काहीच सांगत नाही. दुसरे असे की, चाचणीतील सरासरी ही बरीचशी पालकांचे शिक्षण आणि उत्पन्न यांचेच प्रतिबिंब असते. ज्या वस्तीत निम्मे पालक अभियंते किंवा संशोधक आहेत आणि संध्याकाळी मुले गणिताच्या खाजगी वर्गाला जातात, तेथील शाळेला नऊ गुण मिळाले, तर त्यात शाळेचे श्रेय किती आणि घराचे किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

त्याऐवजी राज्याचे शिक्षण खाते दरवर्षी प्रत्येक शाळेचा जो कामगिरी अहवाल प्रसिद्ध करते, तो उघडा. तो सर्वांसाठी खुला आहे. त्यातील विद्यार्थ्यांच्या वाढीचा भाग पाहा. आधीच्या वर्षी सारखेच गुण असलेल्या राज्यभरातील मुलांच्या तुलनेत या शाळेतील मुले वर्षभरात किती पुढे सरकली, हे तेथे 1 ते 99 या मापात दिलेले असते आणि 50 हा मध्य मानला जातो. आपल्या सहा गुणांच्या शाळेची वाढ 60 च्या आसपास निघाली आणि नऊ गुणांच्या शाळेची 45, तर चौथीतल्या मुलीसाठी कोणता वर्ग अधिक शिकवतो याचा विचार नव्याने करावा लागेल. त्याच अहवालात गैरहजेरीचे प्रमाण आणि शिक्षक किती वर्षे टिकतात हेही दिलेले असते. शिक्षक टिकत नसतील तर मला ती शाळा नको वाटते, मग बाकीचे आकडे कितीही देखणे असोत.

नावाजलेल्या डिस्ट्रिक्टची एक दुसरी बाजूही असते. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्येच 2015 साली अधीक्षकांनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, विद्यार्थ्यांवरील ताणाविषयी पालकांना दीर्घ पत्र लिहिले, हायस्कूलच्या सत्र आणि वार्षिक परीक्षा बंद केल्या आणि काही रात्री गृहपाठच न देण्याचे ठरवले. त्यावरून पालकांमध्ये उघड दोन तट पडले आणि आशियाई पालकांपैकी अनेकांना हे बदल अभ्यासाची पातळी उतरवणारे वाटले. शाळा वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. त्या उत्तमच आहेत. मात्र आपली मुलगी शर्यतीत फुलणारी आहे की कोमेजणारी, हे आपल्यालाच ठाऊक असणार.

धाकट्याविषयी मात्र घाई करा. 1 ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला किंडरगार्टनमध्ये (पहिलीच्या आधीच्या वर्गात) घेण्याचे बंधन न्यू जर्सीतील शाळांवर नाही. काही डिस्ट्रिक्ट चाचणी घेऊन लवकर प्रवेश देतात, काही मुळीच देत नाहीत. प्रवेश मिळाला नाही तर वर्षभराच्या खाजगी प्रीस्कूलचा खर्च अंगावर येतो, आणि तो दोन घरांच्या भाड्यातील कोणत्याही फरकाहून मोठा ठरू शकतो. म्हणून दोन्ही डिस्ट्रिक्टच्या कार्यालयांना हा प्रश्न लेखी विचारूनच घराचा निर्णय घ्या. त्याच पत्रात दोन्ही मुले एकाच इमारतीत असतील का, हेही विचारा, कारण येथे अनेक ठिकाणी तिसरीपर्यंतची शाळा वेगळी आणि चौथी-पाचवीची वेगळी असते. सकाळी दोन शाळा, दोन वेळा आणि एक गाडी हे गणित सोपे नसते.

जाता जाता आणखी एक. नाव नोंदवताना घरी कोणती भाषा बोलता, असे विचारतात. मराठी असे लिहिले तर मुलाला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात टाकतील, या भीतीने पुष्कळ पालक तेथे इंग्रजी लिहितात. कृपया खरे तेच लिहा. त्यानंतर फार तर इंग्रजीची एक चाचणी होते, आणि तीत मदतीची गरज दिसली तरी ती सेवा नाकारण्याचा अधिकार पालकांना असतो.

---

जुने_भाडेकरू यांचे उत्तर

शिक्षिका ताईंनी शाळेची बाजू मांडलीच आहे, मी फक्त घराच्या बाजूने लिहितो.

सर्वप्रथम, जाहिरातीतील गावाच्या नावावर विश्वास ठेवू नका. प्रिन्स्टन असा टपाल पत्ता असलेली असंख्य घरे प्रत्यक्षात प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर किंवा साउथ ब्रन्सविक या टाउनशिपमध्ये आहेत आणि तेथील मुले प्रिन्स्टनच्या शाळांत जात नाहीत. उलट क्रॅनबरीची स्वतःची शाळा आठवीपर्यंतच आहे आणि पुढे तेथील मुले करारानुसार प्रिन्स्टन हायस्कूलमध्ये जातात. पिनकोडवरून डिस्ट्रिक्ट ठरत नाही. घर ज्या टाउनशिपला प्रॉपर्टी टॅक्स भरते, तिच्यावरून तो ठरतो. डिस्ट्रिक्टच्या आतही सीमा असतात. एडिसनमध्ये डिस्ट्रिक्ट एकच असला तरी हायस्कुले दोन आहेत आणि कोणते मिळेल हे पत्त्यावर अवलंबून असते. तेव्हा घरक्रमांकासह पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला कळवून शाळेचे नाव त्यांच्याकडूनच घ्यावे. एजंटचे तोंडी आश्वासन किंवा नकाशावरील रंगीत पट्टा यांना काहीही किंमत नाही.

आता आपल्या दोन पर्यायांतील जो फरक सहसा कोणी लक्षात घेत नाही, तो सांगतो. न्यू जर्सीत 1974 पासून असा कायदा आहे की, भाडेकरू वेळेवर भाडे भरत असेल आणि नियम पाळत असेल, तर केवळ लीज (भाडेकरार) संपली म्हणून घरमालक त्याला बाहेर काढू शकत नाही. कायद्यात नमूद केलेले सबळ कारण त्याच्याकडे असावे लागते. मोठ्या अपार्टमेंट संकुलातील कुटुंबाला हे संरक्षण पुरेपूर मिळते. खाजगी मालकाच्या सुट्या घराची गोष्ट वेगळी आहे. मालकाला स्वतः राहायला यायचे असेल, किंवा स्वतः राहू इच्छिणाऱ्या व्यक्तीला त्याने घर विकायला काढले असेल, तर बऱ्याच प्रकरणांत तो रीतसर नोटीस देऊन घर रिकामे करून घेऊ शकतो. मुलीचे चौथीचे वर्ष अर्ध्यावर आले असताना टाउनहाउस विकले गेले आणि त्याच डिस्ट्रिक्टमध्ये दुसरे घर मिळाले नाही, तर शाळा बदलण्याची वेळ येऊ शकते. मला स्वतःला गुणांच्या आकड्यापेक्षा हा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. टाउनहाउसच घ्यायचे ठरले, तर मालकाचा विक्रीचा विचार आहे का हे स्पष्ट विचारावे, दोन वर्षांची लीज मागावी आणि तिचा शेवट जूनअखेर येईल असे पाहावे. येथील शाळा साधारण जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतात, त्यामुळे फेब्रुवारीत संपणारी लीज मुलांच्या घराला कामाची नाही. अनामत रक्कम दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

भाडेकरू टॅक्स भरत नाही, मग चांगल्या शाळेचा लाभ त्याला फुकट मिळतो, असे टोमणे येथे अधूनमधून ऐकू येतात. त्यांना अर्थ नाही. राज्यभराच्या सरासरीने प्रॉपर्टी टॅक्सच्या निम्म्याहून किंचित अधिक रक्कम शाळांकडे जाते आणि मालक ती आपल्या भाड्यातूनच वसूल करतो.

आता दादांच्या सल्ल्याविषयी. तो ऐकू नका. शाळा लीज आणि वीजबिल मागते, संशय आल्यास चौकशी करते, आणि मूल प्रत्यक्षात तेथे राहत नाही असे सिद्ध झाले तर मुलाचे नाव कमी होते. शिवाय जितके दिवस ते शिकले तितक्या दिवसांची फी पालकांकडून वसूल करण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. वर्गातल्या मैत्रिणीने घरी खेळायला बोलावले की, पत्ता काय सांगायचा हे आठ-नऊ वर्षांच्या मुलीला शिकवावे लागते, ते निराळेच.

---

दोन_लेकींची_आई यांचे उत्तर

वरील दोघांबद्दल आदर राखून थोडे विरोधी मत मांडते. सरासरी गुणांमागे पालकांची सुबत्ता असते हे खरे असले, तरी मुले ज्या सोबत्यांमध्ये दिवसाचे सहा-सात तास घालवतात, त्यांचा परिणाम होतोच. ज्या शाळेत वाचनाची गोडी असलेली पंधरा मुले एका वर्गात आहेत, तेथे सोळावे मूलही पुस्तक उचलते. शिवाय दोन-तीन वर्षे म्हणता म्हणता पाच-सहा होतात, हे आपल्याकडे कितीतरी घरांत पाहिले आहे. मुलगी सातवी-आठवीत गेल्यावर हलायचे म्हटले तर ती मैत्रिणी सोडायला तयार होत नाही. प्लेन्सबरोच्या त्या जुन्या संकुलांत मराठी आणि एकूणच भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, मुले संध्याकाळी खाली एकत्र खेळतात, आणि नव्याने आलेल्या, गाडी नसलेल्या आईला त्याचा जो आधार वाटतो तो तिसऱ्या बेडरूमने मिळणार नाही. मी असते तर लहान घर घेतले असते.

आकड्यांविषयी मात्र शिक्षिका ताईंशी पूर्ण सहमत. नऊ आणि सात यांत भेद करत बसू नये. दोन आणि सात यांत जरूर करावा.

---

नवे_बिऱ्हाड यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. टाउनहाउसच्या मालकांना फोन केला, तेव्हा पुढील वर्षी बाजार पाहून विक्रीचा विचार करू, असे ते सहज बोलून गेले. अहवालही पाहिले, दोन्ही शाळांच्या वाढीच्या आकड्यांत फारसे अंतर नाही. त्यामुळे कल अपार्टमेंटकडे झुकला आहे. आता एकच शंका उरली आहे. एका गाडीच्या काळात शाळेच्या बसवर अवलंबून राहता येईल का?

---

फळा_आणि_खडू यांचे उत्तर

ते अंतरावर ठरते. आठवीपर्यंतच्या मुलांचे घर शाळेपासून दोन मैलांहून अधिक, आणि हायस्कूलच्या मुलांचे अडीच मैलांहून अधिक दूर असेल, तर बस देणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. त्याहून जवळ असल्यास काही डिस्ट्रिक्ट रस्ता धोकादायक असल्याच्या कारणावरून बस देतात, काही ठिकाणी पैसे भरून जागा मिळते, तर काही ठिकाणी चालतच जावे लागते. हे अंतर गाडीच्या काट्यावर मोजत नाहीत, पायी जाण्याच्या सर्वांत जवळच्या सार्वजनिक रस्त्याने मोजतात. त्यामुळे एकाच संकुलातील मागच्या इमारतीला बस आणि पुढच्या इमारतीला नाही, असेही घडू शकते. अपार्टमेंट निवडताना इमारतीचा क्रमांक सांगून परिवहन विभागाला विचारा आणि थांबा कोठे आहे तेही विचारा. किंडरगार्टनच्या मुलाला उतरवून घ्यायला थांब्यावर मोठे माणूस असावे असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, म्हणून नोकरीच्या मुलाखती सुरू करण्यापूर्वी शाळा सुटल्यानंतरच्या पाळणाघराच्या यादीत नाव घालून ठेवा. ती यादी उन्हाळ्यातच भरते.

लसीकरणाचे कागद नॉर्थ कॅरोलायनाच्या शाळेतून निघण्यापूर्वीच मागून घ्या.