लुबुगो: साल सोलूनही मुतुबा जगतो कसा?

धागादोरा:
युगांडातले बागांडा लोक मुतुबाच्या सालीचं लुबुगो नावाचं वल्कल करतात. बुंध्याची साल चहूबाजूंनी काढली की झाड वाळतं. मग हेच झाड पुढच्या वर्षी पुन्हा साल कसं देतं? एवढ्याशा सालीचं अंगभर कापड कसं होतं? ते धुता येतं का?

उंबरसावली:
मुतुबा वड-उंबराच्याच कुळातला, फायकस नटालेन्सिस. सालीखालचा ओला, बुळबुळीत थर जगला तर नवी साल धरते, म्हणून सगळं कसब तो थर राखण्यात. काम पावसाळ्यात करतात, कारण तेव्हा साल सहज सुटते. आधी वरचं खरबरीत कवच खरवडायचं. मग वर-खाली गोल चिरा आणि त्यांना जोडणारी एक उभी चीर. ती लाकडात उतरता कामा नये. चिरेत केळीच्या दांड्याची पाचर सारत अंतरसाल खालून वर सोडवतात. लोखंडी हत्याराने तो थर ओरबाडला जातो. साल निघाल्याबरोबर बुंधा केळीच्या पानांनी गुंडाळायचा, नाहीतर उघडा थर सुकून मरतो.

मोगरीवाला:
कुटण्याबद्दल सांगतो. इथे विणकाम अजिबात नाही. मऊ केलेली साल ओंडक्यावर अंथरून खाचांच्या लाकडी मोगऱ्यांनी कुटतात: आधी रुंद खाचांची, शेवटी अगदी बारीक खाचांची. प्रत्येक फेरीला तंतू पसरतात, साल पातळ आणि रुंद होत जाते. बारीक मोगरी आधी घेतली तर जाड साल हलत नाही. रुंद मोगरी शेवटी घेतली तर पातळ कापड फाटतं. हे काम छपराखाली, बाजूंनी उघड्या मांडवात चालतं. उन्हात साल मधेच सुकली की पसरायची थांबते. कुटून झाल्यावर मात्र ती ताणून, कडांवर दगड ठेवून उन्हातच वाळवतात. फिकट साल गेरूसारखी तांबूस होते ती त्या उन्हानेच. गाठींच्या जागी भोकं पडतात. ती नीट कापून तिथे सालीचंच ठिगळ शिवतात. चांगल्या लुबुगोवर ते ठिगळ शोधावं लागतं, इतकं सफाईने बसवलेलं असतं.

उंबरसावली:
धुऊ नका. भिजलेलं लुबुगो ओढ सोसत नाही, कोरडंच ठेवायचं. नेसण्याचं म्हणाल तर पुरुष-बायका दोघंही ते अंगावरून घेतात, बायका कमरेला पट्टा बांधतात. पांढरं वल्कल राजे आणि सरदारांचं. ही कारागिरी न्गोंगे कुळाकडे वंशपरंपरेने आहे. 19व्या शतकात अरब व्यापाऱ्यांनी सुती कापड आणलं आणि रोजचा वापर घटला. राज्याभिषेकाला आणि अंत्यविधीला ते अजून लागतंच. युनेस्कोने 2005 मध्ये या कलेचा गौरव केला, 2008 मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत आली.