लेझर प्रिंटर आणि टोनर: तुमचे अनुभव लिहा

प्रिंटर घेताना चौकशी होते ती यंत्राच्या किमतीची. खरा खर्च मागाहून येतो, टोनरचा (छपाईच्या पुडीचा) आणि ड्रमचा (ती पूड कागदावर उमटवणाऱ्या रोलरचा). म्हणून हा धागा. कुठली कंपनी चांगली ते नको. तुम्ही काय तपासून घेतलंत, जोडणी कशी केलीत आणि वापरून काय वाटतंय ते सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

मी आधी कार्ट्रिजची, म्हणजे टोनर भरलेल्या डब्याची, माहिती काढली, मग प्रिंटर ठरवला. खोक्यावर पानांचा जो आकडा असतो तो आयएसओ १९७५२ या मानकाने काढलेला असतो, आणि त्यात पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा धरतात. माझं काम तक्त्यांचं, ठळक मथळ्यांचं. त्यामुळे मी तो आकडा निम्माच धरला. नव्या यंत्राबरोबर बऱ्याचदा कमी भरलेलं ‘स्टार्टर’ कार्ट्रिज येतं, हेही विचारून घ्या. काही प्रिंटरांत ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, काहींत वेगळा. वेगळा असला की टोनर स्वस्त पडतो, पण काही हजार पानांनी ड्रमही बदलावा लागतो. दोन्ही धरूनच पानामागचा हिशेब करा.

*

मी शिकवण्या घेते. परीक्षेआधी गठ्ठेच्या गठ्ठे छापायचे, मग कित्येक आठवडे काहीच नाही. इंकजेटची शाई तेवढ्यात वाळायची आणि नोझल साफ करण्यातच बरीचशी संपायची. टोनर म्हणजे मुळात कोरडी पूड, ती वाळणार कुठून! आमच्यासारख्यांनी डोळे मिटून लेझर घ्यावा, तोही दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा. फोटो छापायचे असतील तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक. ‘टोनर संपला’ असा संदेश आला म्हणून लगेच नवं कार्ट्रिज घालू नका. बरीच यंत्रं पूड मोजत नाहीत, रोलर किती फिरला त्यावरून अंदाज बांधतात. अक्षर फिकं होईपर्यंत मी छापत राहते. मग कार्ट्रिज आडवं धरून हलकेच डावीउजवीकडे हलवलं की आणखी बरीच पानं निघतात.

*

जोडणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. प्रिंटर चालू, वायफायचा दिवा लागलेला, आणि लॅपटॉप म्हणतो ‘ऑफलाइन’. राउटर बंद होऊन सुरू झाला की प्रिंटरला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळू शकतो, लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. मी राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक आयपी कायमचा राखून ठेवला आणि विंडोजमध्ये त्याच आयपीचा टीसीपी/आयपी पोर्ट (प्रिंटरकडे फाइल पाठवायचा मार्ग) दिला. तेव्हापासून तक्रार नाही. बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, तेही बघून घ्या. केबल लावता येत असेल तर उत्तमच.

प्रिंटर छोट्या यूपीएसवर कधीच लावू नका. आतला फ्यूजर (पूड वितळवून कागदावर पक्की बसवणारा भाग) सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि तापताना एकदम भरपूर वीज ओढतो.

*

मी प्रिंटर दुरुस्त करतो. लोक पान काळं आलं की थेट नवं कार्ट्रिज मागतात, याचं फार वाईट वाटतं. एकच डाग ठरावीक अंतराने परत परत येत असेल तर आधी पट्टी घ्या आणि दोन डागांमधलं अंतर मोजा. ते अंतर म्हणजे खराब झालेल्या रोलरचा घेर. ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर असेल तर डाग साधारण ७५ मिलिमीटरवर परत येतो, ३० असेल तर ९४ वर. मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये याचा तक्ताच असतो. माप ड्रमशी जुळलं तर ड्रम बदला. फ्यूजरशी जुळलं तर नव्या कार्ट्रिजने काडीचाही फरक पडणार नाही.

रिफिल वाईट नसतं. पूड त्याच मॉडेलची हवी, आणि वाया गेलेल्या टोनरचा कप्पा आधी रिकामा करून घ्यायला हवा. ड्रम उजेडात उघडा ठेवू नका, बाहेर काढला की लगेच जाड कापडाने झाका.

*

पूड कपड्यांवर सांडली तर आधी झटका, मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती वितळून धाग्यात बसते. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, इतकी बारीक पूड त्याच्या फिल्टरमधून परत हवेत येते.

*

मराठी मजकूर छापणाऱ्यांसाठी: काही पीडीएफ पडद्यावर नीट दिसतात आणि कागदावर मात्र चौकोन येतात किंवा जोडाक्षरं तुटतात. अशा वेळी अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’ला टिक करा. छपाई हळू होते, पण अक्षर जसंच्या तसं उमटतं. मोठी फाइल असेल तर थोडी थोडी पानं पाठवा, कमी मेमरीचे प्रिंटर मध्येच अडकतात.