माल्टातलं वॅलेटा: दोनच दिवस हाती, आईला गुडघेदुखी. कसं फिरावं?

प्रश्न: रायगडवाली

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात मी आणि आई भावाकडे फ्रँकफर्टला जातोय, तिथून दोन दिवस माल्टाला जाऊन यायचा विचार आहे. आई ६८ वर्षांची, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. वर्गात किल्ले शिकवण्यात हयात गेली, पण आता रायगडसुद्धा रोपवेनेच. एका पुस्तकात तिने माल्टाच्या राजधानीच्या, वॅलेटाच्या तटबंदीचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून घोकतेय. सगळे सांगतात, तिथे नुसत्या पायऱ्या आणि चढउतार. तिला झेपेल का? आम्ही शाकाहारी आहोत, तेवढं लक्षात घ्या.

उत्तर: पाठीवरपिशवी

दोन दिवसांतला एक एम्दीनाला द्या. जुनी राजधानी आहे, गाड्यांची वर्दळ नाही, शांत. वॅलेटा एका दिवसात होतं. जेमतेम एक किलोमीटर लांबीचं तर शहर.

उत्तर: चिरेखाण

ताई, मी चार वर्षं माल्टातच आहे. ज्येष्ठांच्या निवासात परिचारिका आहे, म्हणजे दिवसभर गुडघे धरून चालणाऱ्या आजीआजोबांबरोबरच असते. आईंना नक्की झेपेल. फक्त वॅलेटाची सुरुवात वॅलेटातून करू नका, बंदराच्या पलीकडच्या काठावरून, बिर्गू गावातून करा.

कारण सांगते. १५६५ साली तुर्की आरमाराने वेढा घातला तेव्हा वॅलेटा नव्हतंच. ती समुद्रात शिरलेली नुसती उघडी खडकाळ सोंड होती आणि तिच्या टोकाला सेंट एल्मोचा किल्ला. तेव्हा माल्टावर राज्य करणारे नाइट लोक, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ, राहायचे बिर्गूत. सेंट एल्मो महिनाभर झुंजून २३ जूनला पडला, पण बिर्गू सप्टेंबरपर्यंत टिकलं. वेढा उठला तो ८ सप्टेंबर इथे आजही सुट्टीचा दिवस आहे. ही सोंड पुन्हा शत्रूच्या हाती जाता कामा नये, म्हणून नाइटांचा प्रमुख ला वॅलेट याने मार्च १५६६ मध्ये तिच्यावर नव्या शहराचा पाया घातला. दोन वर्षांनी तो गेला, पुरं झालेलं शहर त्याने पाहिलं नाही. त्याची तलवार आणि टोपी बिर्गूत सेंट लॉरेन्स चर्चशेजारच्या छोट्या प्रार्थनागृहात ठेवली आहे. इतिहासाच्या बाईंनी आधी ती पाहावी आणि मग पाण्यापलीकडचं शहर पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या दिवशी बसने बिर्गूला या. धक्क्यावरून सपाट रस्त्याने शेजारच्या बोर्मला गावातल्या फेरीबोटीपर्यंत चालत जा. मध्ये बसायला जागा आहेत. फेरी पाच-दहा मिनिटांत वॅलेटाच्या तटाखाली सोडते. मान वर करून बघितलं की लोकांना धडकी भरते, पण तिथेच लिफ्ट आहे. ५८ मीटर उंच, २०१२ साली सुरू झालेली. ती थेट वरच्या बराक्का बागेत नेते, एकही पायरी नाही. चारच्या आत पोचा. बागेच्या खालच्या सज्जावर दुपारी बारा आणि चारला तोफ डागतात. नोव्हेंबरात चारला ऊन उतरतीचं असतं आणि ते समोरच्या बिर्गू, बोर्मला आणि सेंग्लिया या तिन्ही गावांवर पडतं. सगळा दगड मधासारखा दिसतो.

त्या दगडाबद्दल थोडं. माझे वडील राजापूरकडे चिरेखाणीवर होते. आपला जांभा खाणीत मऊ असतो, उन्हावाऱ्याने टणक होतो. इथला पिवळा चुनखडी दगडही तसाच, कापताना मऊ, मग वरून कवच धरतो. समुद्राच्या बाजूच्या भिंतींजवळ जाऊन बघा, खाऱ्या वाऱ्याने दगडाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पडली आहेत. पहिल्या महिन्यात घरची फार आठवण यायची तेव्हा मी अशा एका भिंतीला हात लावून उभी राहायचे. चिऱ्यासारखाच खरखरीत लागतो.

दुसऱ्या दिवशी शहराचा कणा सोडू नका. वेशीपासून निघणारा रिपब्लिक रस्ता सोंडेच्या माथ्यावरून जातो. तेवढा धरून चाललं तर बराचसा सपाट आहे. आडव्या गल्ल्या दोन्ही बाजूंनी समुद्राकडे उतरतात, पायऱ्या तिथे आहेत. त्या वरूनच बघा. रंगीत लाकडी सज्जे आणि टोकाला निळं पाणी उत्तम दिसतं. सेंट एल्मोपर्यंत पायी उतरू नका, शहराला वळसा घालणारी बस घ्या.

सेंट जॉन कॅथेड्रलला मात्र दोन तास द्या. बाहेरून किल्ल्यासारखं रुक्ष, आत पाऊल टाकलं की सोनंच सोनं. जमिनीवर नाइटांच्या सुमारे ४०० रंगीत संगमरवरी कबरी आहेत, त्यामुळे टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. खांदेही झाकलेले हवेत. रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं. आतल्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ सालचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे. मानेतून सांडलेल्या रक्तातच त्याने सही केली आहे, त्याच्या चित्रांपैकी सही असलेलं हे एकच. मारेकऱ्याचा हात मागे सुरीकडे गेलाय आणि उजवीकडे गजाआडून दोन कैदी बघताहेत. पहिल्यांदा मी एका सहलीबरोबर गेले तेव्हा वीस मिनिटांत बाहेर काढलं, रडूच आलं. नंतर एकटी गेले. त्याच वर्षी काराव्हाज्जोला सेंट अँजेलोच्या किल्ल्यात कैद झाली, तो पळाला, आणि नाइटांच्या पंथातून त्याची हकालपट्टी झाली ती याच चित्रासमोर. आईंना हे तिथे उभं राहून सांगा.

खायला पास्तित्सी, म्हणजे सारण भरलेल्या पापुद्र्यांच्या करंज्या घ्या. एकात रिकोटा चीज, दुसऱ्यात वाटाणा. पिठात चरबी वापरली आहे का, हे प्रत्येक दुकानात विचाराच.

एम्दीना सुंदर आहे, पण दोन दिवसांत नको. गुडघे दमलेले असताना तिसरं गाव म्हणजे काहीच नीट न बघणं.

उत्तर: निवृत्त_चीफ

चिरेखाण यांच्याशी सहमत. आमचं जहाज दुरुस्तीसाठी सेंग्लियापलीकडच्या गोदीत होतं, तीन आठवडे समोर हेच शहर. फेरी चुकली तर दायसा मिळते का बघा. उंच टोकाची रंगीत लाकडी होडी असते. पण चढता-उतरताना नावाड्याचा हात धरायला सांगा, होडी डुलते. ईशान्येचा वारा सुटला तर फेरी बंद राहू शकते, तेव्हा बसची माहिती हाताशी ठेवा. आईंसाठी अजून एक: १८७८ साली इंग्रजांनी सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला आणले होते. रशियाला ताकद दाखवायला.

रायगडवाली

आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. जांभ्याचं तिने दोनदा वाचायला लावलं. तिचा एकच प्रश्न: तलवार रोज बघायला मिळते का?

चिरेखाण

प्रार्थनागृह रोज सारखं उघडं नसतं. तुमच्या तारखा इथे टाका. आदल्या आठवड्यात माझी सुट्टी असेल तेव्हा मी बिर्गूला जाऊन दारावरची वेळ बघून येते आणि कळवते.