प्रति: व्हिडिओ कॉलवरचा व्यायाम पुरतो का?

ताई, भाजलेल्या माणसाला फोनवर व्यायाम शिकवून भागतं का, असं तुम्ही विचारलंत. आमच्या दाजींच्या उजव्या हातावर गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस सांडला होता. जखमा भरल्या, पण गाव औशापासून आत. दर आठवड्याला लातूर गाठायचं म्हणजे रोज बुडणार. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोपर आणि बोटं किती वळतात ते आधी समोर बसवून मोजलं, मग फोनवर सुरू केलं. फोन ज्वारीच्या डब्याला टेकवून!

बाई एकच घोकायच्या: हात दुमडून ठेवला की बरं वाटतं, पण तो तसाच आखडतो. म्हणून झोपतानाही स्प्लिंट, म्हणजे हात सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी. प्रेशर गारमेंट, म्हणजे भाजल्याचे व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा, तो तर दिवसाचे २३ तास, वर्ष-दीड वर्ष. आपल्याकडच्या मे महिन्यात ते अंगावर ठेवणं काय असतं, दाजींनाच विचारा. खाजेनं रात्र रात्र उठून बसायचे.

गारमेंटचं माप मात्र फोनवर घेता येत नाही. ते सैल झालं, कातडी परत फुटली किंवा सांधा आधीपेक्षा कमी वळू लागला, की सरळ एसटी पकडायची. आणि कॉलला घरचं कुणीतरी शेजारी बसवा. दाजी 'झालं, झालं' म्हणायचे, खरं काय ते आमची अक्का सांगायची.